मूळ सनद मुलाच्याच हाती राहू द्या : कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांना खुले पत्र

प्रति,
चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख आणि त्यांना कामगार पुरवणारे कंत्राटदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये मी जोडारी या व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे तो व्यवसाय शिकवणारा शिक्षक आहे. जोडारी म्हणजे तुमच्याकडचा फिटर. बावीस वर्षं हेच काम करतो आहे. दर दोन वर्षांनी वीस मुलांची एक तुकडी माझ्या हाताखालून बाहेर पडते आणि त्यातली बरीचशी तुमच्याच गेटवर येऊन उभी राहते.

मागच्या वर्षी एका रात्री साडेदहाला फोन आला. जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, माझी सनद अडकलीय."

आमच्या भागात गुणपत्रिकेला मेमो म्हणतात आणि प्रमाणपत्राला सनद. या मुलाने दोन वर्षांचा कोर्स करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा चांगल्या गुणांनी पास केली होती. एका कंत्राटदारामार्फत तो पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यात लागला. जॉइनिंगच्या दिवशी दहावीचा मेमो, टीसी आणि आयटीआयची सनद, तिन्ही मूळ कागद 'व्हेरिफिकेशनसाठी' जमा करून घेतले. पोचपावती दिली नाही, त्यानेही मागितली नाही. पहिली नोकरी, वय एकोणीस, मागे रांगेत आणखी तीस मुलं उभी. मागणार तरी कशी?

आठ महिन्यांनी तो एका सरकारी भरतीची लेखी परीक्षा पास झाला आणि कागदपत्र तपासणीची तारीख आली. हातात चार दिवस होते. पहिल्या दिवशी कंत्राटदाराच्या ऑफिसात साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो नव्हता. तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, आधी राजीनामा दे, क्लिअरन्स होऊ दे, मग कागद मिळतील. त्या रात्री त्याचा मला फोन आला. सकाळी मी स्वतः कंत्राटदाराशी बोललो. माणूस सभ्य होता, आवाजही चढवला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "सर, कागद परत दिले की पोरं पळून जातात."

मुलाने राजीनामा दिला, कागद सोडवले, रात्रीची गाडी पकडून तपासणीला पोहोचला. अंतिम यादीत त्याचं नाव आलं नाही, तो स्पर्धेचा भाग आहे, त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. पण यादीत नाव येवो न येवो, हातची नोकरी त्याला आधीच सोडावी लागली होती, आणि तीही स्वतःच्याच मालकीचा कागद चार तासांसाठी मिळावा म्हणून.

कंत्राटदाराचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आठ महिने ज्याला व्हेरिफिकेशन म्हटलं जात होतं, ते व्हेरिफिकेशन नव्हतंच. सनद तारण म्हणून ठेवली होती. कामगार टिकत नाहीत ही तुमची अडचण खरी आहे, मला ती कळते. पण तिचं उत्तर पगारात, राहण्याच्या सोयीत, पाळीच्या वेळांत आणि सुपरवायझरच्या बोलण्यात शोधायचं असतं. प्रमाणपत्राच्या कपाटात ते सापडणार नाही.

तुमच्या शंकेला कारण नाही असं मी म्हणणार नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या २०१९-२० च्या निकालात झालेला गैरप्रकार २०२१ मध्ये पुण्यात उघडकीला आला आणि सात हजारांहून जास्त उमेदवारांवर पुढे कारवाई झाली, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. तिथे तर परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतच बिघाड होता. आमच्या क्षेत्रातही खोट्या सनदा फिरतात. काही वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेच्या नावाची एक सनद मी पाहिली. छपाई व्यवस्थित, शिक्का व्यवस्थित, फक्त ज्या व्यवसायाची ती होती तो व्यवसाय आमच्या संस्थेत कधी चाललेलाच नाही. ती पकडली गेली, कारण एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी ती स्कॅन करून आम्हाला ईमेलवर पाठवली आणि विचारलं, हा तुमचाच विद्यार्थी का? आम्ही रजिस्टर काढलं, अर्ध्या तासात उत्तर दिलं. त्यांनी मूळ कागद कपाटात ठेवून घेतला असता, तर खोटी सनद सुरक्षित कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली असती आणि तो माणूस मशीनवर उभा राहिला असता. कागद ताब्यात घेतल्याने तो खरा की खोटा हे कळत नाही. ज्याने तो दिला त्याला विचारल्यावर कळतं.

म्हणून आमची सनद कशी तयार होते आणि ती कशी तपासायची, हे जरा सविस्तर सांगतो. तुमच्यातल्या अनेकांना हे माहीत नसतं, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण आम्हीच कधी गेटपर्यंत येऊन ते सांगितलं नाही.

आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. जोडारी, कातारी म्हणजे टर्नर, यंत्र कारागीर म्हणजे मशिनिस्ट, वीजतंत्री हे दोन वर्षांचे व्यवसाय, संधाता म्हणजे वेल्डर हा एक वर्षाचा. परीक्षा देशभर एकच, केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या देखरेखीखाली होणारी. ती पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, त्यालाच तुम्ही एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं सर्टिफिकेट म्हणता. त्यानंतर एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून तिची परीक्षा पास झाला, तर त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. हे दोन वेगळे कागद आहेत. कित्येक जाहिरातींत 'आयटीआय सर्टिफिकेट' एवढंच लिहिलेलं असतं आणि गेटवर मात्र दुसरा कागद मागतात. दीडशे किलोमीटरवरून आलेला मुलगा तिथून परत जातो.

गुणांबद्दलही एक गोष्ट सांगतो. प्रात्यक्षिकात पास व्हायला किमान ६० टक्के लागतात, बाकीच्या विषयांत ३३ टक्के. म्हणजे ज्याची सनद तुमच्या टेबलावर आहे त्याने कानस, हॅकसॉ, ड्रिल, टॅप हातात घेऊन सांगितलेल्या मापाचा जॉब साठ टक्क्यांच्या वर उतरवलेला आहे. एकूण टक्केवारी पाहून तुम्ही ज्याला बाजूला काढता, त्याचं प्रात्यक्षिक उत्तम असू शकतं आणि एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सच्या पेपरने त्याला खाली ओढलेलं असू शकतं. मेमो पूर्ण वाचा. तो एका ओळीचा कागद नाही.

आता तपासणी. अलीकडच्या ई-प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो. मोबाइलने तो स्कॅन केला की उमेदवाराची नोंद उघडते. नाव, व्यवसाय, संस्था जुळवून पाहायचं. त्याचबरोबर उघडलेल्या पानाचा पत्ताही पाहायचा. तो सरकारी, म्हणजे शेवटी जीओव्ही डॉट इन असलेला हवा, कारण खोटी सनद बनवणारा स्वतःचं पान बनवून त्याचा कोड छापू शकतो. जाड लॅमिनेशनवर उजेड चमकतो आणि कोड कधीकधी वाचला जात नाही. तेव्हा मुलाकडून पीडीएफ मागा, 'कोड चालत नाही, सर्टिफिकेट डुप्लिकेट' असा शेरा मारून त्याला परत पाठवू नका. हे मी उगाच सांगत नाही, माझ्या दोन मुलांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची केंद्र सरकारची सोय, १ जुलै २०१५ ला सुरू झालं. त्याच्या नियमांत २०१७ च्या फेब्रुवारीत ९अ हा नियम घालण्यात आला आणि देणाऱ्या संस्थेने डिजिलॉकरमध्ये जारी केलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जाईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकाही तिथे मिळतात. यात एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मुलाने स्वतः स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये टाकलेली प्रत आणि मंडळाने किंवा महासंचालनालयाने जारी केलेली प्रत एक नव्हे. जारी केलेली वेगळ्या विभागात दिसते, तीच पाहायची. मुलाला समोर बसवा, त्याच्याच मोबाइलवर उघडायला सांगा. एक चहा संपेपर्यंत काम होतं.

आणि जुने कारागीर? बऱ्याच वर्षांपूर्वी पास झालेल्यांच्या सनदा छापील आहेत, त्यांवर कोड नाही, ऑनलाइन शोधल्या तर बहुतेक वेळा सापडत नाहीत. राज्य व्यवसाय प्रशिक्षण परिषदेच्या सनदा तर केंद्राने दिलेल्याच नव्हेत. पोर्टलवर नाव नाही म्हणजे माणूस खोटा, असं ठरवून चाळिशीतल्या अनुभवी टर्नरला परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे. अशा वेळी संस्थेला लिहा. आमच्याकडे प्रवेशाची रजिस्टरं आहेत, निकालाच्या याद्या आहेत, कितीही जुन्या असल्या तरी कपाट उघडून बघता येतं.

लिहा म्हणजे तुम्ही लिहा, मुलाला पाठवू नका. 'तुझ्या आयटीआयकडून सर्टिफिकेट खरं असल्याचं पत्र घेऊन ये' असं सांगितलं जातं. मुलगा रात्रभर एसटीने येतो, सकाळी प्राचार्यांच्या दाराशी उभा राहतो, पत्र घेतो, पुन्हा रात्रभर प्रवास करून तुमच्या टेबलावर ठेवतो. त्याचे दोन-तीन दिवस बुडतात, जाण्यायेण्याचं भाडं जातं, कित्येकदा ते उसन्या पैशांचं असतं. शिवाय यातून तुम्हाला खात्री कसली मिळाली? ज्याच्या कागदाबद्दल शंका आहे, त्याच्याच हातून तुम्ही शंकेचं उत्तर मागवलं. ज्याला सनद खोटी बनवता आली त्याला संस्थेचं पत्र बनवणं अवघड नाही. खरा मुलगा मात्र खिशातले पैसे घालून दमून आला. पडताळणीचं पत्र विचारणाऱ्याने पाठवायचं असतं आणि उत्तरही थेट विचारणाऱ्याकडे गेलं पाहिजे, मध्ये उमेदवाराचा हात लागता कामा नये. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत आखाती देशांतल्या परवाना संस्था हेच करतात. त्या थेट नर्सिंग कौन्सिलला आणि कॉलेजला विचारतात. आपल्या तालुक्याच्या आयटीआयला एक ईमेल पाठवायला त्याहून कमीच कष्ट पडतील. गेल्या काही वर्षांत आमच्या संस्थेकडे कारखान्यांकडून थेट आलेल्या चौकश्या हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि पत्र मागायला आलेली मुलं दर महिन्याला असतात.

यानंतर नावाचा घोळ. माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात आणि सगळ्यात कमी दोष त्यांचा असतो. राज्य मंडळाच्या मेमोवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव येतं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर आधी स्वतःचं नाव. बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. आता ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहून बघा. कुणी डी-एन-वायने सुरू करतो, कुणी जी-वायने, कुणी मधलं एक अक्षर गाळतो. लक्ष्मणमध्ये कुणी एक्स लिहितो, कुणी केएस. ही अक्षरं मुलाने निवडलेली नसतात. शाळेच्या कारकुनाने, आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने, आमच्याकडे प्रवेशाचा अर्ज भरून देणाऱ्या कॅफेवाल्याने आपापल्या सवयीने ती टाकलेली असतात. तुमच्या संगणकात मात्र तीन कागदांवरची तीन नावं जुळत नाहीत आणि मुलाचं जॉइनिंग लाल होतं. मुलींचं तर लग्न झालं की नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. आमच्याकडे वीजतंत्रीला पहिली आलेली मुलगी लग्नानंतर सासरच्या गावाजवळच्या कारखान्यात गेली. सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाहाचा दाखला दाखवूनही तिला सांगितलं, सनदेवरचं नाव बदलून आणा. सनद परीक्षेच्या दिवशी जी व्यक्ती होती तिची असते, लग्नाने तिच्यावरचं नाव कशाला बदलायचं?

बरं, सनदेतली चूक दुरुस्त करायची म्हणजे काय, तेही ऐका. मुलाने पुरावे घेऊन संस्थेत अर्ज करायचा, संस्थेने तो वर पाठवायचा, तिथून तो आणखी वर जायचा. महिने जातात. दरम्यान तुमची जागा भरलेली असते. मग त्यात भर म्हणून तुमची माणसं अ‍ॅफिडेव्हिट मागतात. शंभर रुपयांचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरपासून राज्यात बंद झाला, आता पाचशेचा पडतो, शिवाय टायपिंग आणि नोटरी वेगळी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून बिनपगारी मुलाने हे पैसे आणायचे कुठून? वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि फोटो जुळत असेल तर स्पेलिंगमधल्या फरकासाठी त्याच्याकडून साध्या कागदावर स्वयंघोषणा घ्या. राज्य सरकारने २०१५ मध्येच स्वतःच्या कार्यालयांत प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतःच्या सहीची प्रत स्वीकारायला सुरुवात केली. जे सरकारी कचेरीला चालतं ते तुमच्या गेटवर का चालू नये? आजही मुलं राजपत्रित अधिकाऱ्याची सही शोधत पंचायत समितीत फिरताना दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो अधिकारी मुलाला ओळखत नाही, सनद खरी की खोटी हे त्यालाही माहीत नसतं. त्याच्या शिक्क्याने काय सिद्ध होतं?

निकाल आणि सनद यांच्यामधल्या काळाबद्दल थोडक्यात. निकाल ऑनलाइन दिसतो त्या दिवशी मुलगा पास झालेला असतो, पण सनद हातात यायला वेळ लागतो. नेमक्या त्याच आठवड्यांत तुमचे भरती मेळावे असतात. 'ओरिजिनल आणलंस तर घेऊ' असं सांगून तुम्ही ज्याला परत पाठवता तो अपात्र नसतो, त्याचा कागद फक्त वाटेत असतो. ऑनलाइन निकाल तुम्ही स्वतःच्या संगणकावर उघडून पाहा, प्राचार्यांचं पत्र थेट आमच्याकडून मागवा आणि सनद यायच्या अटीवर त्याला रुजू करून घ्या. सनद आली नाही किंवा खोटी निघाली तर काढून टाकण्याचा अधिकार तुमच्याकडे आहेच. नियुक्तिपत्रात एक ओळ घालून ठेवा.

डिजिटल स्वाक्षरीच्या कागदांचीही एक अडचण सांगायला हवी. डिजिटल सही असलेल्या दाखल्याची पीडीएफ संगणकावर उघडली की कित्येकदा सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' असं दिसतं. ते पाहून टेबलावरचा माणूस म्हणतो, सही बोगस आहे. सही बोगस नसते. ती तपासण्यासाठी तुमच्या संगणकाला भारतीय प्रमाणन यंत्रणेच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख करून दिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. ती सेटिंग एकदा करून घेतली की तिथे हिरवी खूण येते. शिवाय अशी पीडीएफ छापली की तिची डिजिटल सही तपासता येत नाही, कागदावर उरतं ते नुसतं चित्र. म्हणून फाइलच्या रूपातच घ्या.

कागद कुठून कुठे फिरतात, याचाही विचार करा. कंत्राटदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलांचे आधार, पॅन, मेमो, सनद, पासबुक सगळं एकत्र टाकायला सांगतात. शंभर-दीडशे माणसांच्या ग्रुपवर मुलीचा मोबाइल नंबर, पत्ता आणि फोटो पडून राहतो. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरायची, हे त्याचं मूळ सूत्र आहे. कायद्याचं राहू द्या, आपल्या मुलीचे कागद असे फिरलेले आपल्याला चालतील का?

मूळ कागद ठेवून घेण्याबद्दल आणखी एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं स्वतःजवळ ठेवून घ्यायला मनाई केली. मूळ पाहा, प्रत घ्या, मूळ तिथल्या तिथे परत द्या, असं सांगितलं. ती कॉलेजंही हेच म्हणत होती, कागद परत दिले की पोरं दुसरीकडे जातात. तरी आयोगाने ते कारण मानलं नाही. कारखान्याने त्याच चांगल्या पद्धतीने वागायला स्वतंत्र आदेशाची वाट का पाहावी? आणि मूळ सनद तुमच्याकडे असताना ऑफिसला आग लागली, कंत्राट बदललं, ऑफिस हललं, कपाट हरवलं, तर तो मुलगा डुप्लिकेटसाठी पोलिसांत हरवल्याची नोंद करत फिरणार. हरवलं मात्र त्याने नसेल.

आमच्या खात्याकडूनही चुका होतात आणि त्या झाकून मी तुम्हाला उपदेश करणं बरोबर नाही. प्रवेशाच्या वेळी नावाचं स्पेलिंग मुलाला मोठ्याने वाचून दाखवून त्याची सही घेतली, तर निम्मे घोळ तिथेच मिटतील. आम्ही गर्दीत ते करत नव्हतो. गेल्या तीन प्रवेशांपासून मी माझ्या तुकडीत ते करतो आहे, दहावीचा मेमो समोर ठेवून एकेक अक्षर. पोर्टल बदललं की जुन्या नोंदी शोधायला त्रास होतो, तेव्हा मुलांना आम्ही 'सर्व्हर डाउन आहे' एवढंच सांगून वाटेला लावतो, हेही खरं आहे. राज्यात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येक संस्थेने पडताळणीसाठी एक माणूस आणि एक ईमेल पत्ता ठरवून दर्शनी भागात लावावा, उत्तराला किती दिवस लागतील तेही लिहावं, अशी विनंती मी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे रीतसर करणार आहे. तुमच्या संघटनांकडून तशीच मागणी गेली तर तिला वजन येईल.

सनद पाहून झाली की मुलाला बेंचवर उभं करा. हे मला मनापासून सांगायचं आहे. तुमच्यातले जुने कारखानदार हेच करायचे. माइल्ड स्टीलचा एक तुकडा द्यायचा, गुण्या आणि कानस द्यायची, आणि अर्ध्या तासात एक बाजू सपाट आणि दुसरी तिला काटकोनात करायला सांगायची. कानस कशी धरतो, उभा कसा राहतो, माप किती वेळा घेतो, यातून जाणकाराला पाच मिनिटांत कळतं. व्हर्नियर हातात दिला की ०.०२ मिलिमीटरची रेघ तो वाचतो की अंदाजाने सांगतो, तेही कळतं. वेल्डरची तर तुम्ही प्लेट किंवा पाइपवर टेस्ट घेताच, वेल्ड कापून, वाकवून बघता, त्याच्या सनदेवर विसंबून राहत नाही. मग फिटर, टर्नर, वीजतंत्री यांना मात्र फक्त कागदावरून का तोलता? सनद सांगते की याने अमुक अभ्यासक्रम पुरा करून अमुक परीक्षा दिली. आज हात चालतो की नाही, हे सांगायला तोच हात समोर आहे. आणि खोटी सनद घेऊन आलेला माणूस बेंचसमोर उभा राहत नाही, काहीतरी कारण सांगून निघून जातो. मी हे पाहिलेलं आहे.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेला या. जॉबवर मुलाचा परीक्षा क्रमांक पंच केलेला असतो. तो हातात घेऊन बघा, प्रकाशासमोर धरून फट बघा. ज्याचा जॉब आवडेल त्याचं नाव तिथेच लिहून घ्या. त्या मुलाला नंतर तुमच्या गेटवर स्वतःला सिद्ध करत बसावं लागणार नाही.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, हे मी जाणतो. पण एक गोष्ट याच महिन्यात होऊ शकते. तुमच्या किंवा तुमच्या कंत्राटदाराच्या कपाटात आज ज्या मुलांचे मूळ मेमो, टीसी आणि सनदा आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकाला बोलावून त्याचे कागद त्याच्या हातात द्या, यादीवर त्याची सही घ्या. जो नोकरी सोडून गेला त्याच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्ता सापडत नसेल तर ज्या आयटीआयची सनद आहे तिथे पाठवा, आम्ही मुलगा शोधून काढू. गावात तो कुणाचा कोण, हे आम्हाला माहीत असतं.

आपला नम्र,
एक शिल्पनिदेशक (जोडारी)
शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, मराठवाडा